'अवर्षण सहनशील' म्हणजे नेमके कधी सहनशील? भुईमुगाच्या वाणांबद्दल संयुक्त ॲग्रेस्कोला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सदस्य,
संयुक्त कृषी संशोधन आणि विकास समिती (जॉइंट ॲग्रेस्को), महाराष्ट्र

विषय: भुईमुगाच्या वाणाची शिफारस करताना तो कोणत्या अवस्थेतला पाण्याचा ताण सोसतो हे नोंदवण्याबाबत

महोदय, महोदया,
सप्रेम नमस्कार.

चारही कृषी विद्यापीठांच्या शिफारशी दरवर्षी आपल्यासमोर येतात आणि तिथून शेतकऱ्यापर्यंत पोचतात. भुईमुगाच्या वाणाबद्दल त्यांत साधारणपणे हंगाम, कालावधी, हेक्टरी शेंगा, दाण्याचा उतारा (शंभर किलो शेंगांमागे निघणारे दाणे), शंभर दाण्यांचे वजन आणि तेलाचे प्रमाण असते. काही वाणांपुढे आणखी दोन शब्द जोडलेले असतात: 'अवर्षण सहनशील'. आमचे पत्र या दोन शब्दांबद्दल आहे. मुरमाड माळावर पावसाच्या भरवशावर शेंग पेरणाऱ्याला त्यांवरून काहीच ठरवता येत नाही. अवर्षण फुले लागण्याआधीचे, आऱ्या (फुलानंतर सुटून जमिनीत शिरणारे, टोकाला शेंग धरणारे देठ) सुटतानाचे, की दाणा भरतानाचे? भुईमुगात या तिन्हींचे परिणाम इतके निराळे आहेत की एकातून तरून जाणारा वाण दुसऱ्यात हात टेकतो.

२०२३ चा ऑगस्ट घ्या. १९०१ पासूनच्या नोंदींतला देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट, पाऊस सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी. १ जुलैला पेरलेला भुईमूग १ ऑगस्टला ३१ दिवसांचा होता आणि ३१ ऑगस्टला ६१ दिवसांचा. उपट्या, म्हणजे उभट वाढणाऱ्या वाणाचा फुलोरा, आऱ्या जमिनीत शिरणे आणि शेंग धरणे, सगळे त्याच एका महिन्यात येते. सप्टेंबरमध्ये पाऊस परतला, देशाच्या पातळीवर सरासरीहून जास्तच पडला. पण नव्वद-पंच्याण्णव दिवसांत निघणाऱ्या जेएल-२४ ला, म्हणजे फुले प्रगतीला, त्याचा काय उपयोग? फूल उमलल्यापासून दाणा पक्व व्हायला पन्नास-साठ दिवस लागतात. ५ सप्टेंबरला उमललेले फूल पिकाच्या ६६ व्या दिवशीचे. त्याची शेंग पंच्याण्णव दिवसांच्या वाणात पोसत नाही. सव्वाशे दिवसांच्या निमपसऱ्या वाणात ती पोसू शकते, अर्थात ऑक्टोबरभर मुळांपाशी ओल टिकली तर.

आता उलट साल घ्या. ऑगस्ट चांगला गेला आणि पावसाने सप्टेंबरच्या मध्यात पाठ फिरवली. तेव्हा जेएल-२४ पंचाहत्तर दिवसांचा असतो, त्याचे बहुतेक दाणे अर्ध्याहून अधिक भरलेले असतात आणि तो थोड्या तुटीवर सुटतो. सव्वाशे दिवसांच्या वाणाला मात्र अजून पन्नास दिवस काढायचे असतात. त्या सालात त्याच शेतात पोचट शेंगांचा ढीग लागतो. लवकर येणारा वाण शेवटचा ताण चुकवतो आणि मधल्या ताणात सापडतो. उशिरा येणाऱ्याला मधल्या ताणानंतर सावरायला अवधी मिळतो, पण शेवटचा ताण त्याला भोवतो. 'अवर्षण सहनशील' हे विशेषण दोघांनाही लावता येते, आणि दोघांच्याही बाबतीत ते अर्धेच खरे असते.

फुलोऱ्याआधीच्या ताणाची गोष्ट तर अगदीच वेगळी. उन्हाळी भुईमूग करणाऱ्याला ती हाताने ठाऊक आहे: पेरणी, चार-पाच दिवसांनी आंबवणीचे हलके पाणी, उगवण पुरी झाली की फुले दिसेपर्यंत पाणी तोडायचे. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या प्रक्षेत्रावर १९८० च्या दशकात हेच मोजून पाहिले गेले. फुलोऱ्यापूर्वी ताण देऊन पुढे भरपूर पाणी दिलेल्या पिकाने कायम ओलीत राहिलेल्या पिकापेक्षा जास्त शेंगा दिल्या, आणि सर्वांत मोठी तूट दाणा भरतानाच्या ताणाने आली. कारण समजायला अवघड नाही. आधीच्या ताणाने पाला आवरतो आणि मूळ खाली जाते. पाणी मिळताच फुले एकदम येतात, तीही खालच्या पेरांवर, जिथून आरीला माती जवळ असते. लाडावलेल्या पिकात उंच पेरांवर सुटलेल्या आऱ्या अधांतरी लोंबत राहतात. तेव्हा पहिल्या पंचवीस दिवसांतल्या उघडिपीत पीक मान टाकून पुन्हा उभे राहिले, एवढ्यावरून एखाद्या वाणाला सहनशील ठरवणे म्हणजे सोप्या पेपरात पास करण्यासारखे आहे.

खरी परीक्षा आरीची. शेंग भरण्याची जागा वरच्या चार-पाच सेंटीमीटरमध्ये असते आणि उघडिपीत सर्वांत आधी तोच थर वाळून कडक होतो. मुळांपाशी तीस सेंटीमीटरवर ओल असते, झाड हिरवेगार दिसते, पाहणीला आलेला माणूस 'पीक उत्तम' असा शेरा लिहून जातो आणि आरीचे टोक मात्र टणक पापुद्र्यावर थांबलेले असते. जी आरी आत शिरली, तिचीही अडचण वेगळीच. शेंगेला अन्न झाडाकडून मिळते, पण कॅल्शियम ती मुळांमार्फत घेत नाही, स्वतःच्या टरफलातून भोवतालच्या ओल्या मातीतून घेते. माती कोरडी झाली की कॅल्शियम जमिनीत असूनही शेंगेपर्यंत पोचत नाही. टरफल मोठे होते, आत दाणा धरत नाही. जिप्सम टाकूनही शेंगा पोचट निघाल्याची तक्रार पुष्कळदा इथून येते: हेक्टरी २०० किलो पेरणीवेळी आणि २०० किलो आऱ्या सुटताना ही मात्रा बरोबर होती, पण दुसरा हप्ता कोरड्या मातीवर पडून राहिला.

इथे वाणावाणांत मोठा फरक पडतो. जाड दाण्याच्या वाणाला कॅल्शियम जास्त लागते, म्हणून शेंगेजवळचा थर वाळला की तो बारीक दाण्याच्या वाणाच्या आधी दगा देतो. टीपीजी-४१ सारखा टपोऱ्या दाण्याचा वाण ओलिताखाली सोने आहे. तोच कोणी हलक्या रानात कोरडवाहू पेरला तर दोष वाणाचा नाही, कुठे पेरू नये हे स्पष्ट न सांगणाऱ्या कागदाचा आहे. दुसरा फरक फुलोऱ्याच्या लांबीचा. उपटे वाण थोड्या दिवसांत भराभर फुलतात, पसरे आणि निमपसरे दीर्घकाळ फुलत राहतात. बारा-पंधरा दिवसांचा खंड पहिल्या प्रकारात निम्मा फुलोरा गिळतो, दुसऱ्यात एक तुकडा. शिफारशींच्या पुस्तिकेत हा आकडा, पहिले फूल ते शेवटचे उपयोगी फूल यांतले दिवस, कोणत्याही वाणापुढे द्यायला हवा. तो मोजायला पैसे लागत नाहीत, फक्त रोज सकाळी दहा झाडांवरची उमललेली फुले मोजणारा माणूस लागतो.

पाण्याच्या संवेदनशील अवस्था म्हणून फुलोरा २२ ते ३० दिवस, आऱ्या ४० ते ४५ दिवस, शेंगा पोसणे ६५ ते ७० दिवस असे आकडे सर्वत्र छापले जातात. ते चुकीचे नाहीत. पण ते एका ठरावीक कालावधीच्या उपट्या पिकाचे आहेत. पंच्याण्णव दिवसांच्या वाणाचा सत्तरावा दिवस आणि सव्वाशे दिवसांच्या वाणाचा सत्तरावा दिवस एकच अवस्था दाखवत नाहीत. शेततळ्यातून एकच संरक्षित पाणी देणे शक्य असलेल्या शेतकऱ्याला हा फरक फार महाग पडतो. हेक्टरवर ३० मिलिमीटर पाणी म्हणजे ३०० घनमीटर, तीन लाख लिटर. ३० बाय ३० बाय ३ मीटरचे, एकास एक उताराचे शेततळे काठोकाठ भरले तर २,१९६ घनमीटर धरते. त्यातून बाष्पीभवन आणि पाझर वजा होतो आणि बाकीच्या पिकांचाही वाटा असतो. उरलेले एक-दोन पाणी चाळिसाव्या दिवशी द्यायचे की साठाव्या, हे वाणाच्या पत्रकावरून कळले पाहिजे, अंदाजाने नव्हे.

जमिनीचा हिशेबही वाणाशी जोडून मांडावा लागतो. तीस सेंटीमीटर खोलीच्या मुरमाड जमिनीत पिकाला मिळण्याजोगी ओल साधारण ३० ते ४० मिलिमीटर. भर फुलोऱ्यात पीक पावसाळ्यातल्या उघडिपीत रोज चार-पाच मिलिमीटर उडवते. म्हणजे आठवडाभरात तळ दिसतो. साठ-सत्तर सेंटीमीटरच्या मध्यम काळ्या जमिनीत हीच ओल शंभर मिलिमीटरच्या आसपास असते आणि पीक तीन आठवडे काढते. काळ्या जमिनीत खोल मुळांच्या वाणाचा फायदा होतो, कारण खाली उपसायला काही आहे. मुरमावर मूळ कितीही खोल जायला तयार असले तरी खाली दगड लागतो. तिथे उपसणाऱ्यापेक्षा जपून वापरणारा वाण बरा. संशोधन केंद्राच्या खोल, सपाट, सुपीक तुकड्यावर पहिला आलेला वाण माळावर तिसरा येतो, यात आश्चर्य काही नाही. तो दोन वेगळ्या परीक्षांना बसलेला असतो.

पाणी जपून वापरण्याच्या गुणाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण त्याभोवती भाबडी आशा पुष्कळ आहे. कोरडवाहू पिकाचे उत्पादन तीन गोष्टींच्या गुणाकारावर ठरते: जमिनीतून किती पाणी उपसले, प्रत्येक लिटरमागे किती जैवभार (झाडाचे एकूण वाळलेले वजन) तयार केला आणि त्यातला किती वाटा शेंगेत गेला. जाड, लहान, गडद हिरव्या पानांचे वाण बहुधा दुसऱ्या गोष्टीत सरस असतात, म्हणूनच स्पॅड मीटरने पानांचा हिरवेपणा मोजून किंवा पानाची जाडी काढून निवड करण्याची पद्धत आली. चाळणी म्हणून ती चांगली आहे. निकाल म्हणून नाही. आपल्याच टीएजी-२४ चे उदाहरण आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने दिलेला हा बुटका वाण लिटरमागच्या जैवभारात कमी भरतो, पण जे तयार होते त्यातला मोठा वाटा शेंगेत टाकतो. आयसीजीव्ही ८६०३१ हा वाण नेमका उलटा, पाणी काटकसरीने वापरणारा. इक्रिसॅटने या दोघांचा संकर करून त्याच्या संततीत ताण सोसण्याची जनुकीय स्थाने शोधली. हाती आली ती थोडाथोडा परिणाम करणारी अनेक स्थाने, सगळे एकहाती पेलणारे एखादे मोठे स्थान नव्हे. दुष्काळ पेलणारा एकच गुण शोधून तो वाणात घातला की काम झाले, असे या पिकात होणार नाही. म्हणूनच शेतातल्या ताणाची परीक्षा टाळता येत नाही.

ती परीक्षा कशी घ्यावी, याबद्दल आमचे म्हणणे असे. प्रत्येक शिफारसयोग्य वाण चार पाणीवहिवाटींत वाढवावा: पूर्ण पाणी, पहिले फूल येईपर्यंत ताण, पहिल्या फुलापासून पंचवीस दिवस ताण, आणि काढणीआधीचे तीस दिवस ताण. दिवस मोजायचे ते पेरणीपासून नव्हे, त्या त्या वाणाच्या अवस्थेपासून. सगळ्या वाणांचे पाणी एकाच तारखेला तोडले तर लवकर येणाऱ्याला दाणा भरताना ताण बसतो, उशिरा येणाऱ्याला आऱ्या सुटताना, आणि तुलना वाया जाते. ही चूक फार सहज होते. उन्हाळी हंगामात पाणी हाती असते म्हणून चाचणी तेव्हा घेणे सोयीचे, पण मार्च-एप्रिलमध्ये पारा ३५ अंशांपुढे गेला की परागकण निकामी होऊ लागतात आणि उष्णतेचे नुकसान ताणाच्या खात्यावर पडते. तेव्हा निवडक वाणांची तरी खरिपात, पाऊस आला की ओढता येणाऱ्या सरकत्या छताखाली फेरतपासणी व्हावी. ओल दोन ठिकाणी मोजावी, शेंगेच्या थरात शून्य ते दहा सेंटीमीटरवर आणि मुळांच्या थरात तीस ते पंचेचाळीस सेंटीमीटरवर. एकच सरासरी आकडा आरीचे दुखणे झाकून टाकतो.

निकाल मांडतानाही एक सापळा आहे. समजा एक वाण पूर्ण पाण्यावर हेक्टरी ३,००० किलो शेंगा देतो आणि ताणात १,५०० किलो. घट ५० टक्के. दुसरा पूर्ण पाण्यावर १,६०० आणि ताणात १,२००. घट २५ टक्के. टक्केवारीच्या तक्त्यात दुसरा 'सहनशील' ठरतो, पण दुष्काळाच्या सालातही शेतकऱ्याच्या पोत्यात पहिला ३०० किलो जास्त टाकतो. म्हणून घटीची टक्केवारी एकटी कधीच छापू नये. चारही वहिवाटींतले किलो छापावेत, सोबत दाण्याचा उतारा. ताणात शेंगांचे वजन फारसे न पडता उतारा ७० वरून ६० वर येतो, तेव्हा नुकसान टरफलात लपलेले असते.

शेवटच्या ताणाचा एक परिणाम किलोत दिसतच नाही. काढणीआधीचे तीन ते सहा आठवडे कोरडे गेले आणि शेंगेभोवतीची माती २५ ते ३१ अंशांच्या दरम्यान तापत राहिली, की ॲस्परजिलस फ्लेव्हस बुरशी उभ्या पिकातच दाण्यात शिरून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते. पुरेशी ओल असेपर्यंत दाणा स्वतःच बुरशीला रोखणारी द्रव्ये बनवतो. ओल घटली की ते थांबते, बुरशी मात्र त्याहून कोरड्या दाण्यातही वाढत राहते. भारतात थेट खाण्याच्या शेंगदाण्यासाठी मर्यादा किलोला १० मायक्रोग्रॅम आहे, पुढे प्रक्रिया करायच्या मालासाठी १५. युरोपीय संघाची थेट खाण्याच्या मालाची मर्यादा ४. सुरकुतलेले, चिमलेले दाणे सर्वांत धोक्याचे, आणि निवडून बाजूला काढलेला हाच माल स्वस्तात विकला जाऊन कुटात, चटणीत, घाण्यावर जातो. पेंडीतून तो दुभत्या जनावराच्या पोटात आणि दुधात पोचतो. ज्या घरात साबुदाण्याच्या खिचडीपासून भरल्या वांग्यापर्यंत सगळीकडे कूट पडते, तिथे ही बाब फक्त निर्यातदारांची नाही. काढणीपूर्व ताणाच्या वहिवाटीतल्या दाण्यांची अफ्लाटॉक्सिन तपासणी शिफारशीसाठी सक्तीची करावी, असे आम्हाला ठामपणे वाटते.

त्यातच सुप्तावस्थेचा, म्हणजे पक्व दाणा ओल मिळूनही काही दिवस न उगवण्याच्या गुणाचा मुद्दा येतो. एसबी-११, जेएल-२४, टीएजी-२४ यांच्या ताज्या दाण्याला सुप्तावस्था जवळपास नाही. ताणात जमीन कडक झालेली असते, उपटताना आऱ्या तुटून शेंगा मातीतच राहतात, म्हणून माणूस एखाद्या पावसाची वाट पाहतो. तो पाऊस लांबला आणि चार दिवस झिमझिमत राहिला, की पक्व शेंगांना जमिनीतच कोंब फुटतात. परतीच्या पावसाच्या पट्ट्यात सुप्तावस्थेचे दिवस हा आकडा तेलाच्या टक्केवारीपेक्षा महत्त्वाचा आहे.

बाहेर काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. आंध्रातल्या अनंतपूरमध्ये भुईमूग पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पावसावर येतो आणि तिथे टीएमव्ही-२ हा १९४० च्या काळातला वाण दशकानुदशके टिकून होता. तिथे आयसीजीव्ही ९१११४ देताना तो मधला आणि शेवटचा, दोन्ही ताण सोसतो आणि नव्वद-पंच्याण्णव दिवसांत निघतो, असे अवस्थेसकट सांगितले गेले. आपल्याला हवे आहे ते इतकेच साधे विधान, आपल्या जमिनींवर तपासलेले.

राहिला बियाण्याचा प्रश्न. हेक्टरी १०० किलो दाणे म्हणजे ७० टक्के उताऱ्याने जवळपास १४५ किलो शेंगा. हजार हेक्टरला १४५ टन. बीजोत्पादनात हेक्टरी १५ क्विंटल धरले तरी त्यासाठी सुमारे शंभर हेक्टर प्लॉट लागतात, आणि त्या शंभर हेक्टरांच्या बियाण्यासाठी आधीच्या हंगामात दहा. ज्वारीसारखे मूठभर बियाण्यातून गाव पेरता येत नाही. म्हणून चुकीच्या वाणाचा प्रसार झाला की तो दुरुस्त करायलाही तीन-चार हंगाम जातात. उन्हाळी ओलिताखाली गुणन केले तर हा काळ निम्मा होतो, मात्र बियाणे शेंगेतच साठवावे लागते, फोडलेल्या दाण्याची उगवण फार लवकर उतरते.

आमची मागणी एका पानात मावते. प्रत्येक वाणासोबत ताणपत्रक द्या: पहिले फूल, उपयोगी फुलोऱ्याचे दिवस, तीन-चतुर्थांश आऱ्या जमिनीत शिरण्याचा दिवस, पक्वता, सुप्तावस्था, चार वहिवाटींतले किलो आणि उतारा, काढणीपूर्व ताणातली अफ्लाटॉक्सिनची पातळी, कोणत्या खोलीच्या जमिनीवर चाचणी झाली. अवस्था न सांगता 'अवर्षण सहनशील' लिहिणे बंद करा. खरिपाच्या चाचण्यांपैकी काही तरी तीस सेंटीमीटरहून कमी खोलीच्या जमिनीवर घ्या. महसूल मंडळांतल्या स्वयंचलित हवामान केंद्रांच्या नोंदींवरून कोणत्या मंडळात खंड बहुधा कोणत्या पंधरवड्यात पडतो ते काढा आणि वाणाचे ताणपत्रक त्याला लावून तालुकावार शिफारस करा. जिथे खंडाचा नेम नाही, तिथे एकाच शेतात दोन कालावधींचे वाण वेगवेगळ्या पट्ट्यांत पेरण्याची शिफारस करा. बियाणे मिसळून नव्हे, कारण मग काढणी दोन्हींची चुकते.

आणि केंद्रवार, वर्षवार मूळ आकडे खुले ठेवा. तीन वर्षांच्या सरासरीत दुष्काळाचे वर्ष विरघळून जाते, आणि आम्हाला नेमके तेच वर्ष पाहायचे असते.

आपले,
भुईमूग पिकवणारे, त्याचे बियाणे धरणारे आणि या पिकावर काम करणारे काही जण